माझ्या पोटातली एकशे बारा झाडं

मी हार्ड डिस्क. अजून फिरतेय, तोवर बोलून घेते. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण संसार सगळा कारंजा घाडग्याचा, चंचल मॅडमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये.

चंचल शाळेत शिकवते. तिचे सासरे जंगलू जंगलात मजुरी करता करता म्हातारे झाले. त्यांना झाडाझाडाचं गोंडी नाव ठाऊक, आणि हिला गोंडी येत नाही. माहेरीच ती भाषा सुटलेली. म्हणून दर रविवारी ती सासऱ्यांना मोबाईलसमोर बसवायची आणि ते बोललेलं माझ्यात भरायची. एका झाडाची एक फाईल, अशा एकशे बारा झाल्या. मग मामाजींच्या, सासऱ्यांना ती मामाजीच म्हणते, घशाला गाठ आली. सेवाग्रामला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून तो आवाज फक्त माझ्याजवळ आहे.

आणि या घराची रीत काय, तर कॉम्प्युटर अडकला की डब्यावर थाप मारायची! जुन्या टीव्हीला मारायचे, तशी. कॉम्प्युटर चालू व्हायचा आपल्या मर्जीने, नाव व्हायचं थापेचं. अहो, माझ्या आत चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून केसाएवढंही अंतर न ठेवता सुई सरकते. दर थापेला ओरखडा. मी कटकट करू लागले, तर चंचलच्या नवऱ्याने, कार्तिकने, आणखी जोरात मारली. हात जोडून सांगते, असं कुणी करू नका.

शेवटी अनुप मेकॅनिकला बोलावलं. त्याने कान लावला.

"मॅडम, हे गेली. नवीन टाकून देतो, दहा मिनिटांचं काम हाय."

"अन् आतलं?"

"आतलं विसरून जा."

"दोन्ही जोडून दे. एकेक फाईल काढीन मी."

"तापली का बंद पडन ते."

"तं थंडी होऊ देईन. मले सुट्ट्याच हायेत."

मे महिन्याचं ऊन. ती दोन-तीन फाईली काढायची, मी तापले की बंद करायची, टेबलफॅन माझ्याकडे वळवून समोर बसून राहायची. स्वतः घामाने भिजलेली. अशी बाई समोर असताना मी तरी कशी हार मानू? मीही हट्टाला पेटले. आठ दिवसांत एकशे अकरा फाईली दिल्या. धावड्याच्या झाडाची फाईल मात्र नेमकी ओरखड्यावर बसली होती. सतरा वेळा तिने मागितली, सतरा वेळा मी अडखळले. फार लाज वाटली मला.

आज सकाळी अनुप मला काढून न्यायला आला, तेव्हा नवीन डिस्कवरून तिने मामाजींना त्यांचाच आवाज ऐकवला. ते खिडकीकडे बघत ऐकत होते.

"मामाजी, धावड्याचं राह्यलं. ते नाई निघालं."

म्हाताऱ्याने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि ओठ हलवले. आवाज नव्हताच. चंचलने ओठ पाहून एक शब्द उच्चारला. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा ओठ, पुन्हा तिचा शब्द, पुन्हा नाही. अनुप हातातलं काम सोडून बघत राहिला. नवव्या खेपेला मामाजींची मान होकारार्थी हलली.

चंचलने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि धावड्याचं ते गोंडी नाव स्वतःच्या आवाजात म्हटलं. मामाजींनी बोटाने खूण केली, आणखी एकदा म्हण.

अनुपभाऊ, आता मला काढा.