अकरा दिवसांनी मोठी

"अहो, बसतेय वयाच्या नियमात! शेवटच्या तारखेपेक्षा अकरा दिवसांनी मोठी आहे!" बायको फोनवर ओरडली. लिफ्टच्या टपावर उभ्या असलेल्या त्याने लगेच ती बातमी दारात खोळंबलेल्या चौघांना देऊन टाकली. "पोरगी शाळेत चालली आमची!"

लिफ्ट दुरुस्त करताना त्याच्या तोंडाला खळ नसे. सोबतचे त्याला रेडिओच म्हणत. लेक मात्र तीन वर्षांची होऊनही दोन शब्दांपलीकडे जात नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले होते, काही दोष नव्हता. "चार पोरांत गेली की बोलेल आपोआप," असं बायको म्हणे. यंदा नाही घातली तर अख्खं वर्ष फुकट जाणार, हा घोर तिच्या जिवाला लागलेला.

शाळेच्या तिसऱ्या महिन्यात वर्गाच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. खालीवर होणाऱ्या गुडघ्यावर हात दाबून तो बुटक्या खुर्चीत बसला.

"काल चड्डीत शू झाली तिला. सांगायला शब्द जुळेपर्यंत उशीर झाला. मुलं हसली. तेव्हापासून ती चपलांच्या रॅकमागे बसते."

"मठ्ठ आहे का हो ती?"

"अजिबात नाही. तिच्या शेजारी बसणारा मुलगा तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठा आहे. या वयात अकरा महिने म्हणजे केवढे! तो घडाघडा गोष्ट सांगतो, आणि ही तोंड उघडेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. घरी कशी बोलते?"

"घरी ना, तिने नुसतं बोट दाखवलं की मला कळतं! पाणी हवं, बाहुली हवी, लगेच..." तो बोलता बोलता अडखळला.

"तिला पुरतं बोलू देता?" बाईंनी हळूच विचारलं.

तो खुर्चीतून उठला.

त्याने व्हरांड्यातूनच बायकोला फोन लावला. "काढतोय तिला. पुढच्या वर्षी घालू."

"वेड लागलंय का? लोक म्हणतील, बालवाडीतच नापास झाली. मागे पडेल हो ती!"

"कुणाच्या मागे?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग, "खाल्लंय का तिने काही?"

नाव काढण्याच्या अर्जावर त्याने सही केली. पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नाही, हे कारकुनाने दोनदा बजावलं.

बापलेक रस्त्याला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती थबकली आणि तिने बोट दाखवलं. पायरीवर एक कुत्री आडवी होती, पोटाशी चार पिल्लं. शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला. त्याने तो दातांखाली धरला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा बोट दाखवलं. माणसं त्यांना वळसा घालून जात होती, एकाने "बाजूला व्हा की!" म्हणून खेकसून घेतलं. ती रडकुंडीला आली. तो फुटपाथवर तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पि..." ती म्हणाली. थांबली. "पिल्लू... दूदू... पितंय."

त्याने नुसती मान हलवली. ती आणखी काही जुळवत होती.