जिलेबीच्या दुकानाची प्रार्थना

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, एका शुक्रवारी प्रतिमा साळवे चर्चमधून घरी आली, तर आई ओट्यावर बसून मजेत जिलेबी खात होती.

"आई! उपास आहे ना आज?"

"आहे की. सकाळपासून धरलाच होता." सुहासिनीबाईंनी बोटं चाटली. "गौतमनं नमुन्याचा घाणा काढला आणि पळत घेऊन आला. काय सांगू त्याला, ईस्टरला ये म्हणून?"

"नाही म्हणता आलं असतं."

"तुला आलं असतं. मला त्याचं तोंड दिसून राहिलं होतं ना! काहून चिडते? अर्धी ठेवली आहे तुझ्यासाठी."

प्रतिमानं लेंटपुरता चहासुद्धा सोडला होता. ती तशीच आत गेली.

गौतम आणि मनीषा त्यांच्याच गल्लीत राहत. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कढईपुढे घाम गाळून गौतम आता घमापुरच्या बाजारात खव्याच्या जिलेबीचं स्वतःचं दुकान काढत होता. पूजा गुरुजी सांगणार होते, पण पहिली जिलेबी सोडण्याआधी प्रार्थना साळवेकाकूंनी, म्हणजे प्रतिमाच्या आईनं, करायची, हे जागा मिळण्याच्याही आधी ठरलेलं होतं. गल्लीची रीतच होती ती. कुणाची परीक्षा असो, ऑपरेशन असो की बोअरला पाणी लागत नसो, काकूंना निरोप जायचा.

आणि काकूंची प्रार्थना म्हणजे काय, तर भाजी चिरता चिरता केलेल्या गप्पा. "देवबापा, मनीषाचा पाय पुन्हा सुजून राहिला. तुला दिसते ना? मग चूप काहून आहेस? बरं, तुझं तू पाहा. पण आज पाहा. अच्छा, चलो, आमेन."

प्रतिमा कॉलेजात इतिहास शिकवायची. चर्चमध्ये शास्त्रपाठ तीच वाचायची. स्वच्छ आवाज, लख्ख उच्चार, एक रविवार चुकलेला नाही. पण प्रार्थनासभेत कुणी "आता प्रतिमाबहेन आपल्याला प्रार्थनेत चालवतील" म्हटलं, की ती पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणून मोकळी व्हायची. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं म्हटलं की तिला पहिला शब्दही सुचायचा नाही.

"देवालाही आता ती पाठ झाली असेल गं," आई एकदा म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

त्या रात्री सुहासिनीबाई झोपल्या, त्या सकाळी उठल्या नाहीत. ना दुखणं, ना हाक.

दफनविधी नीट झाला. गीतं प्रतिमानंच निवडली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी आईला 'नियमित उपासक' म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून मनीषाचं हुंदक्यातलं हसू ऐकू आलं. काकू नियमितपणे उशिरा यायच्या, हे तिला ठाऊक होतं.

दुकान मात्र उघडेना. दिवस जात राहिले. गुरुजींची पूजा झाली, पाटी लागली, नवी कढई कोरडी पडून राहिली. शेवटी मनीषाच प्रतिमाकडे आली.

"दीदी, हे ऐकूनच नाही राहिले. म्हणतात, काकूंनी यायचं कबूल केलं होतं, आता त्यांच्या घरातून कुणीतरी येईल तेव्हाच कढई चढेल."

"मी पाळकसाहेबांना विनंती करते."

"त्यांचं आमच्यावर प्रेम आहे, पण नाव ठाऊक नाही," मनीषा म्हणाली. "काकू नाव घेऊन सांगायच्या. तुम्ही या ना."

"मला येत नाही गं तसं."

"मग जसं येते तसं या."

प्रतिमानं उपासनेचं जुनं पुस्तक काढलं. त्यात पावसासाठी प्रार्थना होती, रोगराईत म्हणायची होती, समुद्रप्रवासाला निघणाऱ्यांसाठी तर दोन होत्या. मिठाईच्या दुकानासाठी एकही नव्हती. तिनं नव्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, समर्पणाची निवडली. 'मंदिर' येईल तिथे 'दुकान' म्हणावं, एवढंच.

सकाळी बाजार जागा होत होता. गौतमनं भट्टी पेटवून तेल चढवलं होतं. प्रार्थना संपली की पहिली जिलेबी सोडायची, असा त्याचा बेत. शेजारचे दुकानदार चप्पल काढून हात जोडून उभे होते. प्रतिमानं वाचायला सुरुवात केली.

"हे सर्वसमर्थ प्रभो, या दुकानाच्या वेदीपुढे जे कोणी गुडघे टेकतील..."

"दुकानात वेदी कोणती, दीदी?" गौतमनं हळूच विचारलं.

"भट्टी असेल," कुणीतरी म्हणालं. "गुडघे टेकायला लागले तर जिलेबी कोण खाणार?"

मनीषा फसकन हसली, मग घाबरून तिनं पदर तोंडावर धरला. प्रतिमालाही हसू फुटलं. आई गेल्यापासूनचं पहिलंच. हसता हसता डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

"दीदी," गौतम अवघडून म्हणाला, "तेल तापून राहिलं."

तिनं पुस्तक मिटलं. सगळे वाट पाहत होते. पहिला शब्द अजून सुचला नव्हता. तरी ती बोलली.

"देवबापा, हा गौतम. ही मनीषा. तुला ठाऊकच आहेत, आईनं तुझे कान खाल्लेत यांच्यासाठी. यांच्या कढईला बरकत दे. मनीषाला बसायला स्टूल मिळू दे, दिवसभर उभी राहील ती. भांडखोर गिऱ्हाईक आलं तर गौतमचं तोंड तेवढं बंद ठेव."

"आमेन!" मनीषा मोठ्यानं म्हणाली.

"थांब, झालं नाही अजून," प्रतिमा म्हणाली. आवाज हलत होता, पण तिनं तो आवरला नाही. "देवबापा, आई आता तुझ्याकडे आहे. तिला सांग..." ती थांबली. मग तिनं निरोप देवाकडे दिलाच नाही. समोर कुणी बसलेलं असावं तशी ती सरळ बोलली.

"आई, तू बोलायला लागलीस ना, की देवबापा आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. मी दाराआड उभी राहून ऐकायची. मला फार आवडायचं गं ते."