गळ्यामागचं नाव

संपदा सुती गाऊन शिवायची. दोन्ही बाजूंना खोल खिसे, मोबाइल आणि किल्ल्या आरामात राहतील असे. जेसल पार्कातल्या कितीतरी बायका तिचेच गाऊन घालायच्या, पण गाऊनला नाव नव्हतं. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं आणि तिच्या जिवाला घोर लागला.

भाजी परतता परतता ती मोबाइलवर लेबलासाठी अक्षरं आणि चित्रं फिरवून बघायची. सकाळी कमळ, दुपारी मोर, संध्याकाळी दोन्ही गायब. शेवटी तिनं मुलीचं नाव टाकलं, जांभळ्या तिरक्या अक्षरांत. लेबलं विणून आणली आणि गुरुवारपर्यंत चाळीस गाऊनांच्या गळ्यामागे शिवूनही टाकली.

आठवीतली सान्वी क्लासवरून आली. तिनं एक गाऊन उलटा करून बघितला.

"हे काय?"

"आपला ब्रँड. आवडला?"

"माझं नाव? गाऊनवर? आई, आरोहीची मम्मी तुझ्याकडूनच घेते. उद्या अख्खा वर्ग मला गाऊन म्हणेल!"

"अगं, मी एवढ्या हौसेनं…"

"मला विचारलंस का पण?"

आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं. संपदानं पायात चपला अडकवल्या आणि ती खाडीकडे निघाली. पहिल्या फेरीत नुसता राग होता. दुसऱ्या फेरीत मुलीचे शब्द डोक्यात घोळायला लागले. विचारलंस का?

लग्नात तिच्यापुढे तांदळाचं ताट आणलं होतं. अमोलनं अंगठीनं तांदळात 'संपदा' असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजापूरची दुर्गा मांडवकर त्या दुपारी संपली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही तोंड उघडलं नव्हतं. फोटोत ती हसतेय.

घरी येऊन तिनं लेबलं उसवायला घेतली. थोड्या वेळानं सान्वी कात्री घेऊन शेजारी बसली. माफीबिफी कुणी मागितली नाही.

उसवलेल्या जागी संपदा लाल दोऱ्यानं साखळी टाका घालू लागली. शनिवारी अमोलनं एक गाऊन उचलला.

"दुर्गा कोण?"

तिनं टाका घालता घालता वर बघितलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "अगं… विसरलोच होतो."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

रविवारपर्यंत निम्म्याच गाऊनांवर नाव झालं. प्रदर्शनात बिननावाचे भराभर गेले, नावाचे तसेच लटकत राहिले. संपदा हॅंगर सरळ करायची, पुन्हा वाकडे करायची, दारापर्यंत जाऊन यायची.

"आई, एका जागी बस ना. बघून गिऱ्हाईक पळेल," सान्वी कुजबुजली.

दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननी निळा गाऊन अंगाला लावून बघितला, गळा बघितला आणि परत टांगला.

"संपदाबेन, माताजी का नाम पहन के कैसे सोएँगे?"

म्हणजे हे होतं तर! संपदाची कानशिलं तापली. नाव पुन्हा उसवायचं? आणि पुन्हा काय लिहायचं?

"माताजी नहीं, हंसाबेन," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मेरा नाम है. दुर्गा मांडवकर. शादी के पहले का."

हंसाबेननी गाऊनचा गळा पुन्हा उलटून बघितला. मग म्हणाल्या, "तो पूरा लिखो ना! अकेला दुर्गा लिखोगी तो सब माताजी ही समझेंगे." आणि त्यांनी निळा गाऊन काढून हातावर टाकला.

त्यानंतर नावाचे आणखी सात-आठ गेले, बाकीचे दहा-बारा संध्याकाळी पिशवीतून घरी परत आले. संपदाला त्याचं वाईट वाटलं, पण सोमवारी लेबलवाल्याचं दुकान उघडायच्या आतच तिनं त्याला दोनदा फोन लावला.

"मॅडम, नाम लंबा है," तो म्हणाला. "पट्टी बड़ी लगेगी."

"लगने दो," संपदा म्हणाली, आणि गॅलरीत येरझारा घालत एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली.