लेकीच्या नावाची वेल

मित्रांनो, या काचघरात सगळ्यात म्हातारी मीच, कोपऱ्यातल्या खांबावर चढलेली वेल. आज माझी पाने सुपाएवढी आहेत, जागोजागी भोके आणि चिरा असलेली. पण लहानपणी ती तळहाताएवढीच होती आणि अगदी अखंड होती.

तेव्हाच सरांनी मला दाट रानातून आणले. सर म्हणजे वनस्पतींचे मोठे अभ्यासक. त्यांची एकुलती एक मुलगी नुकतीच तापाने गेली होती. अशी पाने कुणी पाहिली नव्हती. ही नवी जात आहे असे ठरवून त्यांनी मला लेकीचे नाव दिले. मग सरांच्या पत्नी, काकू, रोज येऊ लागल्या. त्या नावाने मला हाक मारायच्या, "आज कशी आहेस गं?" असे विचारायच्या. मी टांगत्या कुंडीतून खाली लोंबत राहिले. चढायला आधार मिळाला नाही, तर आम्हा वेलींचे बालपण सरतच नाही.

पुढे सरांच्या एका विद्यार्थिनीने मला या खांबाशी लावले. माझ्या पेरांतून मुळे फुटली. त्यांनी ओले लाकूड घट्ट धरले आणि मी चढू लागले. काय आनंद झाला होता मला! प्रत्येक नवे पान आधीच्याहून मोठे निघे. हळूहळू पानांना चिरा पडल्या. शेवटी होडीसारख्या फिकट आवरणात कणसासारखा फुलोरा आला.

तो पाहून विद्यार्थिनीचा चेहरा उतरला.

"सर, ही नवी जात नाही. ही आपली जुनीच, मोठ्या पानांची. तेव्हा फक्त लहान होती."

एका जातीला दोन नावे राहत नाहीत. आधीचे टिकते, नंतरचे जाते.

काकू कळवळल्या. "लेक गेली, आता तिचं नावही पुसणार? कापून टाका ना ती वेल! कुणाला कळणार आहे?"

सरांच्या हातात कात्री होती. कापा, मी पुन्हा लहान होईन, असे मला ओरडून सांगावेसे वाटले.

"आपली वाढली नाही," सर म्हणाले. "हिला तरी वाढू दे."

त्यांनी अभ्यासासाठी फक्त फुलोरा कापला आणि कुंडीवरची पाटी स्वतः बदलली.

त्यानंतर काकू एकदाच आल्या. मान वर करून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, पण हाक काही बाहेर पडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वेल लोंबत असेल, तर तिला आधार द्या. आणि जाता-येता तिला हाक मारा. नाव कोणतेही चालेल.