चौकटीतल्या दोन ओळी

घरगुती आरोग्याची माहिती देणाऱ्या त्या वेबसाइटच्या कचेरीत सगळ्यांच्या चुली जाहिरातींवर पेटायच्या. लोकांनी पान उघडायचं, कडेच्या जाहिराती बघायच्या, तेव्हा कुठे यांचे पगार व्हायचे. मग सर्च इंजिनाने शॉर्टकट काढला. कुणी प्रश्न विचारला की लेखाच्या पहिल्या दोन ओळी उचलायच्या आणि वरच चौकटीत दाखवायच्या. आयतं उत्तर मिळाल्यावर पान उघडायला लोकांना काय वेड लागलंय? उत्पन्न आटलं, दोन टेबलं रिकामी झाली. मालकाने हाक मारली की उरलेले एकमेकांकडे बघायचे.

पुढचा नंबर आपलाच, या धास्तीने संपादिकेची झोप उडाली होती. शेवटी शक्कल तिनेच लढवली: खरं उत्तर वर ठेवायचंच नाही, खाली ढकलायचं. चौकटीत अर्धवट दिसलं की लोक झक मारत पान उघडतील. मालकाला ते फारच पटलं. तिने एकेक जुना लेख असा उलटापालटा केला आणि नोकरी वाचली म्हणून निःश्वास टाकला.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलाने तुंबलेलं बेसिन मोकळं करायचं औषध तोंडाला लावलं होतं. तो मागे रडत होता.

"ताई, मिठाचं पाणी करतेय. मीठ किती घालू? तुमच्या साइटचंच वर आलंय, पण मापच दिसत नाहीये."

संपादिकेला तो लेख आठवला. 'मुलाने विषारी काही गिळलं की आधी उलटी करवावीशी वाटते. मिठाचं पाणी हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय.' या तिच्याच ओळी. 'पण असं मुळीच करू नका' हे वाक्य तिने जाहिरातीच्या खाली नेलं होतं.

"काही पाजू नकोस. ओकवू नकोस. बाटली घे आणि आधी हॉस्पिटल गाठ."

तासाभराने बहिणीने कळवलं, तोंड भाजलंय पण निभावलं. ओकवलं असतं तर घसा पुन्हा जळला असता, असं डॉक्टर म्हणाले. तोवर संपादिकेने ते वाक्य पहिल्या ओळीत आणून ठेवलं होतं. पण चौकट बदलेना. सर्च इंजिन नवं पान कधी वाचेल ते त्याचं त्याला ठाऊक. ती पुन्हा पुन्हा तोच प्रश्न टाकत राहिली आणि पुन्हा पुन्हा मीठच दिसत राहिलं.

तेवढ्यात मालक हसत आला. शंभरातले वीस जण आता पान उघडतात, जाहिराती परत येताहेत, पोरी तू तारलंस, असं बरंच काही बोलला.

"आणि बाकीचे ऐंशी?" तिने विचारलं.

"ते चौकट वाचून जातात. त्यांचा आपल्याला काय उपयोग?"

तिने पुन्हा चौकटीकडे पाहिलं. बहिणीने निदान मीठ किती ते विचारायला फोन केला होता. या ऐंशींकडे संपादिकेचा नंबर नव्हता.