हिंगाच्या डब्यातली ढेप

मी इटलीच्या चीजची ढेप बोलतेय. ढेप म्हणायला आता मुठीएवढीच उरले आहे आणि राहते हिंगाच्या डब्यात. पण राग अख्ख्या ढेपेचा आहे.

सगळं सुरू झालं ते मुक्ताच्या डोळ्याला डोळा लागेना म्हणून. लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत राहणारी ही बाई. तिची चार वर्षांची सरू गोवरातून उठली ती जेवेनाशीच झाली. घास तोंडात धरून बसायची. पोरीच्या बरगड्या दिसू लागल्या आणि मुक्ता रात्ररात्र छताकडे बघत एकच विचार करू लागली, माझंच काही चुकतंय का? सातवीपर्यंत शिकलेली बाई. न शिकलेली असती तर दृष्ट काढून झोपली असती. हिने बायकांचं मासिक उघडलं. त्यात लिहिलं होतं की अशक्त मुलांना इटलीचं जुनं, कडक चीज थोडं थोडं द्यावं. काळजी तिची, मासिक तिचं, आणि जिवावर बेतलं माझ्या.

माझा जन्म सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा. तांब्याच्या मोठ्या कढईत मला विरजलं, कापडात बांधून वर काढलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं आणि मग लाकडी फळीवर ठेवून दिलं. दोन वर्षं मी तिथे नुसती पडून होते. पण ते पडून राहणं आळशी माणसाचं नव्हे. दर काही दिवसांनी मला पुसायचे, उलटवायचे. एक म्हातारा छोट्या हातोडीने माझ्या पाठीवर टकटक करून कान लावायचा. आत पोकळी असली तर आवाज बदलतो. माझा बदलला नाही, म्हणून माझ्या सालीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवलं. इतक्या मानाने वाढलेली मी.

आणि उतरले कुठे, तर लोणावळ्याच्या बाजारात, दत्तोबाच्या दुकानात. तो बंगलेवाल्यांना विलायती माल पुरवायचा. त्याने मला रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलं. दुसऱ्या बाजूला बुटाचं पॉलिश. ज्या नाकांनी मला ओळखायचं त्या नाकांना आता काय कळणार होतं?

हेही मी सहन केलं असतं. पण त्या साली इटलीशी इंग्रज सरकारचं बिनसलं आणि तिकडचा माल येईनासा झाला. दत्तोबाने काय करावं? लाल मेणाचं कातडं असलेलं एक मऊ, पिवळं, भलतंच चीज आणलं, त्याचं कातडं सोललं, आणि माझ्या पाठीवरची नावाची साल खरवडून काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. मला गल्ल्याखाली सरकवलं. मी अंधारात, आणि ते माझी टोपी घालून फळीवर.

मुक्ता दुकानात आली ती पदर सावरत, चोरासारखी.

"भाऊ, इटलीचं चांगलं चीज आहे का?"

"आहे की वहिनी. पण त्याचं करणार काय? साहेबलोकांचं खाणं ते."

"मुलीला द्यायचंय. डॉक्टर म्हणाले."

डॉक्टर दूध म्हणाले होते. चीज मासिक म्हणालं होतं. पण मासिकाचं नाव दुकानदाराला कोण सांगणार?

दत्तोबाने ते टोपीवालं पुढे ठेवलं. मुक्ताने बोटाने दाबलं. बोट रुतलं.

"हे मऊ लागतंय."

"ताजं आहे म्हणून."

"मला जुनं हवंय."

"अहो, जुनं मागणारं पहिलंच गिऱ्हाईक बघतोय मी. उद्या शिळी भाकरी मागाल."

ती ओशाळली. पण हटली नाही, एवढं मात्र मी तिच्या पदरात टाकते. "माझं चुकत असेल," ती म्हणाली, "पण चांगलं असेल तर ते सुरीने कापावं लागत नाही म्हणतात. टोक रोवलं की फुटतं. आत साखरेसारखे कण दिसतात. जरा करून दाखवता?"

दत्तोबाने सुरीचं टोक रोवलं. ते चीज फुटलं नाही, रबरासारखं वाकलं आणि परत सरळ झालं.

तेवढ्यात मागे उभा असलेला, एका बंगल्यावरचा हमीद खानसामा हसला. "दत्तोबा, खालचं काढ की. बाईंना फसवून काय राजवाडा बांधणार आहेस?"

"ते तुमच्यासाठीच राखलंय, मियाँ."

"अर्धं त्यांना दे. आमची मडम तसंही ते उंदराच्या सापळ्याला लावते."

सापळ्याला. दोन वर्षं फळीवर कान लावून वाढवलेली मी, आणि बंगल्यात उंदरांना पकडायला. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी हमीदच्या नव्हे, मडमेच्या बोटाचा लचका तोडला असता.

दत्तोबाने मला वर काढलं. टोक रोवताच मी खडकासारखी फुटले. आत पांढरे कण चमकले. मुक्ताने हुंगलं आणि तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला वाटलं, चला, एक तरी ओळखणारी भेटली.

क्षणभरच. हमीदने सोडलेली अर्धी मी तिच्या घरी गेले आणि तिने मला दुधात भिजवलं. ज्या दुधातून दोन वर्षं खपून मी बाहेर पडले, त्यातच परत. मी विरघळले नाही. मग शिऱ्यात घातलं. मग मधाबरोबर चाटवलं. मुलीला खायला घालायचं म्हणून ती मला इतक्या वेषांत नटवत होती की मीच मला ओळखेना. शेवटी तिने एक कण तसाच सरूच्या जिभेवर ठेवला.

सरूने तो थुंकून टाकला. "साबण आहे."

मुक्ता भिंतीला टेकून बसली. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मला साबण म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामशेतहून गाडीने तिची सासू आली. झुंबरबाई, तिकडच्याच वडिवळे गावच्या. नात जेवत नाही हे मुलाने, महिपतीने, कुणाच्या तरी हाती कळवलं होतं. महिपती सिग्नलवर कामाला. निरोप धाडला आणि तो ड्युटीवर निघून गेला.

झुंबरबाईंच्या घरी दोन म्हशी. नासलेलं दूध चुलीजवळ ठेवलं की म्हशी आटतात, हा त्यांच्या घरचा कायदा. नासलं तर मुकाट्याने परसात आंब्याच्या बुंध्याशी ओतायचं. त्यांच्या लेखी मीही नासलेलं दूधच; तसं नाही, हे त्यांना कोण समजावून सांगणार? मुक्ताने पायरीवर सासूचा आवाज ऐकला आणि मला कोंबलं कुठे, तर सरूच्या डोळ्यांदेखत हिंगाच्या डब्यात. का, तर तिथे कुणाचाच वास कळत नाही. खडा हिंग, काळपट, उग्र. त्या रात्रीत मी जे शोषलं ते माझ्या सात पिढ्यांना कळलं तर माझं उरलंसुरलं नावही काढून घेतील.

झुंबरबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. "काय गं ही दशा? हाडाला कातडं ऱ्हायलंय निस्तं. तुमी शिकल्याल्या बाया पुस्तक वाचून पोरं वाढिवता व्हय?"

"आत्याबाई, ती खातच नाही."

"तू घालतीस म्हून खाईत न्हाई. उद्याच्याला मी न्हेते हिला वडिवळ्याला."

मुक्ताला खरंच वाटत होतं की आपण घालतो म्हणून मुलगी खात नाही. हा तिचा जुना रोग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ता नळावर गेली असताना झुंबरबाई आमटीला बसल्या. डोळ्यांनी अधू. हिंगाचा डबा उघडला, हाताला लागले ते दोन-तीन खडे खलबत्त्यात टाकले. त्यातला मोठा तुकडा मी.

"दगुड झालाय हिंग," त्या पुटपुटल्या आणि बत्ता उचलला.

मला किसतात. हलक्या हाताने, जेवणाच्या वेळी, ताटावर. कुटत नाहीत. कुटून वर उकळत्या तुरीच्या आमटीत, गुळाच्या खड्याशेजारी, कोकमाशेजारी टाकत तर नाहीतच. मी रागाने विरघळले. दुधात विरघळले नाही ती मी आमटीत विरघळले.

मुक्ता घागर घेऊन आली तेव्हा सरू पानावर होती. आंबेमोहोर भात, त्यावर आमटी. पोर जेवत होती. बोटं चाटत होती. पान संपवून तिने ते पुढे सरकवलं आणि म्हणाली, "अजून."

मुक्ताच्या हातातली घागर कलली. मग तिचं लक्ष उघड्या डब्याकडे गेलं, खलबत्त्याकडे गेलं, आणि तिला कळलं.

"बघ," झुंबरबाई म्हणाल्या, "हाताचा गुन असतो. माज्या हातचं खाती पोरगी. आता सांजच्या गाडीनं न्हेते. तितं रोज आसंच घालीन."

आता ऐका. बोलली तर सासूच्या हातून चुलीवर नासलं दूध चढवल्याचं पाप तिच्या माथी. गप्प राहिली तर मुलगी गाडीत बसणार, आणि वडिवळ्यात कितीही हातगुण असला तरी डब्यात मी नसणार. मुक्ताने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी डब्याच्या तळाशी उरल्यासुरल्या अंगाने चडफडत होते. बोल की बाई. दत्तोबासमोर बोललीस, खानसाम्यासमोर बोललीस. बोट रुतवून खोटं ओळखलंस. स्वतःच्याच घरात तुला खरं फोडून दाखवता येत नाही?

माझं एवढंच मागणं आहे. मला घ्यायचं तर हुंगून घ्या, फोडून घ्या, आणि घेतल्यावर लपवू नका. मी चोरीचा माल नाही.

झुंबरबाईंनी सरूचे कपडे गाठोड्यात घालायला घेतले. सरूने पानातला शेवटचा थेंब बोटाने पुसला, बोट चोखलं आणि म्हणाली, "आज्जी, मग आईलापण घे. आमटीतला साबण तिच्याच डब्यात असतो."