दोन्ही डाव्या बाह्या

मास्तरांच्या हृदयाने एकदा दगा दिला आणि त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याशी गोड बोलायचा विडाच उचलला. डॉक्टर म्हणाले होते, "मीठ कमी करा, चालणं वाढवा आणि माणसांत राहा." घरच्यांनी मिठाबरोबर माणसंही कमी केली. विचारपूस करायला आलेले शेजारी दारातूनच परत जायचे, कारण सून तोंडावर बोट ठेवून उभी असायची. नातू नापास झाला, हे अख्ख्या गल्लीला माहीत, मास्तरांना सोडून. आणि बायको? उलट उत्तर दिल्याशिवाय जिचा घास घशाखाली उतरायचा नाही, ती आता प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे हो तुमचं" म्हणायला लागली. मास्तरांच्या अंगावर काटाच यायचा. ही इतकी गोड बोलतेय, म्हणजे आपलं काही खरं नाही!

म्हणून डॉक्टरांनी कामावर जायला होकार देताच मास्तरांनी दुकान गाठलं. शिवणकामाचं दुकान दोघांचं होतं. मास्तर कापड कापायचे, टाचणी शिवायचा. टाचणी हे नाव त्याला त्याच्या जिभेमुळे पडलेलं. तरुणपणापासून दोघं एकाच खोलीत काम करत आले आणि एक दिवस भांडणाशिवाय गेला नाही. शिवणीसाठी कापड किती सोडायचं, यावरून तर रोज हमरीतुमरी. मास्तरांनी कमी सोडलं की टाचणी गिऱ्हाइकासमोरच ओरडायचा, "अरे, हा माणूस चार घास जास्त जेवला तर काय उघडा फिरणार?" मास्तरांना आता तेच हवं होतं.

पण टाचणीही बिघडला होता.

"या मास्तर. बसा. पाणी देऊ का तुम्हाला?"

तुम्हाला! जन्मभर अरे-तुरे करणारा माणूस एकदम अहो-जाहोवर आला. मास्तरांनी खोड्या काढून पाहिल्या. "तुझी शिवण वाकडी आलीय," म्हणाले, तर हा म्हणतो, "आली असेल हो." असं किती दिवस चालायचं? शेवटी मास्तर पेटले. याला डिवचायचंच.

एका वकिलाचा कोट आला होता. मास्तरांनी कापड दुहेरी न घालता एकेरीच पसरलं, बाहीचा नमुना न उलटता दोनदा आखला आणि दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. नवशिक्याच्या कानाखाली वाजवावी अशी चूक.

टाचणीने बाह्या उचलल्या. एकीवर एक ठेवून पाहिल्या.

"छान कापल्यात," तो म्हणाला.

"छान? आंधळ्या, दोन्ही डाव्या आहेत! मुद्दाम कापल्यात मी, तू ओरडावंस म्हणून!"

"मुद्दाम?" टाचणीने मशीनवरचा पाय काढला. "मग परवाची कॉलर? तीही मुद्दाम? त्या बाईंचा झगा? ती पँट, एक पाय आखूड?"

मास्तर कात्री उचलून पुढच्या कापडाकडे वळले.

"परत आल्यापासून एक तुकडा धड कापला नाहीस तू! तू घरी गेलास की मी नवं कापड आणतो आणि सगळं परत कापतो. तुझ्या बायकोने शब्द घेतलाय माझ्याकडून, तोंड उघडायचं नाही म्हणून. इतके दिवस ओठ आवळून बसलोय, गाढवा!"

मास्तरांनी कात्री खाली ठेवून हाताकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. आपल्याला हे कसं दिसलं नाही? जे ऐकायला कान आसुसले होते, तेच आता ऐकवेना. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. या हातांशिवाय त्यांच्याकडे होतं काय?

"पुरे रे," ते म्हणाले. "हृदयाचा पेशंट आहे मी."

"खड्ड्यात गेला तुझा पेशंट!" टाचणीचे डोळे भरून आले होते, पण आवाज खाली येईना. "इकडे ये. कात्री मी धरतो, तू आखून दे. आखायला तरी येतं ना अजून?"

मास्तरांनी खडू घेतला. पहिलीच रेघ वाकडी आली.

"पूस," टाचणी म्हणाला.